परभूमीतील गीत आणि बोली : अमेरिकेतील चेक व स्लोव्हाक संगीतोत्सवांचा एक विचार

देशांतर केलेल्या समाजाची बोली दोन-तीन पिढ्यांत लोपली, तरी त्याची गाणी टिकतात, आणि गाण्यांच्या आश्रयाने भाषाही टिकून राहते, असे एक मत सर्वत्र रूढ आहे. उत्सवांच्या स्मरणिकांतून, स्वागतपर भाषणांतून आणि कधी कधी अभ्यासकांच्या लेखनातूनही ते इतक्या सहजतेने मांडले जाते की, त्याची तपासणी करावी असे फारसे कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ही तपासणी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील चेक व स्लोव्हाक समाजांच्या संगीतोत्सवांच्या आधारे करावयाची आहे. माझा निष्कर्ष आरंभीच सांगतो. या मताचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र खरा नाही. या उत्सवांत गीत टिकले आहे यात शंका नाही. परंतु ते बोलीला तारून टिकलेले नसून पुष्कळ अंशी तिला बाजूस सारून टिकले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील शेतकरी व कारागीर कुटुंबे टेक्सास, आयोवा, नेब्रास्का इत्यादी राज्यांत येऊन स्थायिक झाली. स्लोव्हाक लोक त्यांच्यामागून, प्रामुख्याने पेनसिल्व्हेनियातील खाणी आणि पोलादाचे कारखाने यांकडे वळले. आज या वसाहतींतून जे उत्सव भरतात त्यांपैकी बरेचसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. नेब्रास्कातील विल्बर या गावचा उत्सव 1962 मध्ये सुरू झाला, तर टेक्सासमधील वेस्ट या गावचा 1976 मध्ये. म्हणजे भाषा घराघरांतून बोलली जात होती तेव्हा असे उत्सव फारसे नव्हते. भाषा ओसरू लागल्यावर ते वाढले. या उत्सवांचा क्रम साधारणतः ठरलेला असतो. प्रथम राष्ट्रगीते, मग प्रादेशिक पोशाखांतील मिरवणूक, मग मुलांची नृत्ये, एखादी ड्वोर्झाकची रचना, आणि शेवटी रात्री उशिरापर्यंत चालणारे पोल्काचे नृत्य. हा क्रम एखाद्या संहितेप्रमाणे वाचता येतो, आणि तसा तो वाचला म्हणजे त्यातील विसंगती दिसू लागतात.

पहिली विसंगती राष्ट्रगीतापाशीच आहे. 'ग्दे दोमोव्ह मूय' म्हणजे 'कोठे आहे माझे घर'. हे गीत मुळात राष्ट्रगीत म्हणून लिहिलेच गेले नव्हते. योसेफ कायेतान तील याचे 'फिद्लोवाच्का' हे सुखात्म नाटक 21 डिसेंबर 1834 रोजी प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यात एका आंधळ्या सारंगीवाल्याच्या तोंडी हे गीत होते, आणि त्याचे संगीत फ्रांतिशेक श्क्रोउप याचे होते. नाटक चालले नाही. गाणे मात्र लोकांनी उचलले. फिद्लोवाच्का हे प्रागच्या चांभारांच्या वसंतोत्सवाचे नाव असल्यामुळे, आज उत्सवाच्या आरंभी उभे राहून गाइले जाणारे हे गीत जन्मले तेही एका उत्सवावरील नाटकात, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्थापन झाल्यावर त्याचे पहिले कडवे नव्या राष्ट्रगीताचा पूर्वभाग झाले.

व्याकरणदृष्ट्या हा एक प्रश्न आहे, आणि पुढे येणारे निसर्गवर्णन हे त्याचे उत्तर आहे. प्रागच्या प्रेक्षागृहात या प्रश्नाला अलंकारापलीकडे अर्थ नव्हता, कारण विचारणारा आणि ऐकणारा दोघेही घरीच होते. तोच प्रश्न आयोवाच्या मक्याच्या शेतात उच्चारला की तो खराखुरा होतो. 1893 च्या उन्हाळ्यात ड्वोर्झाक आयोवातील स्पिलव्हिल या चेक वस्तीत येऊन राहिला होता. तेथील संत व्हेन्सेस्लासच्या देवळात तो सकाळी ऑर्गन वाजवी, आणि तेथेच त्याने 'अमेरिकन' या नावाने प्रसिद्ध असलेली तंतुवाद्य-चतुष्टयाची रचना केली. त्याच मुक्कामातून तो शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास गेला आणि 12 ऑगस्ट रोजी, 'बोहेमियन दिना'च्या मैफलीत, आपल्या रचनांचे त्याने स्वतः संचालन केले. त्यांत 'माझे घर' ही 1882 सालची नांदी होती. ती तीलच्या जीवनावरील एका नाटकासाठी लिहिलेली असून श्क्रोउपच्या याच गीताच्या चालीवर उभारलेली आहे. शब्द गळले आहेत, चाल तेवढी उरली आहे, आणि मैफलीचे स्थान अमेरिका आहे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत या समाजाच्या गीतांचे जे व्हावयाचे होते त्याचे पूर्वचिन्हच येथे दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या उत्सवात हे गीत गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचे शब्द पाठ असतात, परंतु त्यातील एखाद्या नामाची दुसरी विभक्ती त्यांना चालवता येणार नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. वेदपठणाची परंपरा असलेल्या देशातील अभ्यासकाने पाठांतराला कमी लेखणे बरे नव्हे. परंतु पठण म्हणजे भाषाव्यवहार नव्हे, हेही याच देशातील वैयाकरणांनी आपल्याला शिकवले आहे. भाषा जाणणे म्हणजे पूर्वी न ऐकलेले वाक्य बनवता येणे. गीतात ही शक्ती राहत नाही. किंबहुना शब्द बदलता येऊ नयेत म्हणूनच ते गीतात बांधलेले असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे टेक्सासकडे वळतो. तेथील प्रारंभीच्या चेक कुटुंबांपैकी काही ईशान्य बोहेमियातून आली. परंतु पुढे बहुसंख्य झाली ती मोराव्हियाच्या ईशान्येकडील, म्हणजे लाशिया व व्हालाखिया या डोंगराळ भागांतील माणसे. गावांच्या नावांतूनही हे दिसते. टेक्सासमध्ये 'प्राहा' आहे, 'मोराव्हिया' आहे आणि 'फ्रेन्स्टाट'ही आहे. यांपैकी शेवटचे नाव लाशियाच्या पायथ्याशी असलेल्या फ्रेन्श्टाट या गावाचे आहे. या लोकांपैकी पुष्कळजण आपल्या बोलीला 'चेक' न म्हणता 'मोराव्हियन' म्हणत.

ही बोली प्रमाण चेकहून कशी वेगळी, हे थोडे तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण संगीताशी तिचा संबंध येथेच येतो. प्रमाण चेकमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, आणि स्वरांचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व अर्थभेदक असते. लघु-गुरूंच्या वृत्तांत वाढलेल्या मराठी वाचकास यातील दुसरी गोष्ट समजावण्याची गरज नाही. लाशियाच्या बोलीत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. तेथे दीर्घ स्वर नाहीत, आणि आघात उपान्त्य अक्षरावर पडतो. 'पीठ' या अर्थाचा एकच शब्द घेऊ. बोहेमियात व प्रमाण भाषेत तो 'मोउका' आहे; आग्नेय मोराव्हियात आणि स्लोव्हाकमध्ये 'मूका'; लाशियात 'मुका'. प्रमाण चेकमध्ये 'मुका' या ध्वनींचा अर्थ 'यातना' असा होतो, त्यामुळे लाशियाच्या गृहिणीने पीठ मागितले तर प्रागच्या दुकानदाराला भलतेच ऐकू यावे! (मराठी वाचकाला तिसराच अर्थ आठवेल, तो सोडून देऊ.)

पहिल्या अक्षरावर आघात असल्यामुळे बोहेमियातील लोकगीत बहुधा समेवरच सुरू होते आणि दोन मात्रांच्या चौकटीत नीट बसते. पोल्का बोहेमियात 1830 नंतरच्या दशकात उदयास आली आणि 1844 च्या सुमारास पॅरिसपर्यंत तिचे वेड पसरले. ती याच लयीची आहे. लाशियाचे गाणे या चौकटीत इतक्या सुखाने बसत नाही. याच प्रदेशातील हुक्वाल्दी या गावी 1854 मध्ये जन्मलेल्या लेओश यानाचेकने पुढे अनेक वर्षे लोकांच्या बोलण्यातील सुरावटी वहीत टिपून ठेवल्या आणि आपले नाट्यसंगीत त्यांच्या अभ्यासावर उभारले. बोलण्याच्या लयीचा संगीतकाराने इतका ध्यास घ्यावा, हे ज्या प्रदेशात घडले, त्याच प्रदेशातील माणसे टेक्सासमध्ये कापूस पिकवू लागली होती.

परंतु त्यांच्या हाती जी गीतपुस्तके आली ती प्रमाण चेकमध्ये छापलेली होती. वर्तमानपत्रेही प्रमाण भाषेत, देवळातील प्रवचन प्रमाण भाषेत, आणि 1915 पासून टेक्सास विद्यापीठात चेक शिकवली जाऊ लागली तीही प्रमाणच. यात अस्वाभाविक काही नाही. छापील भाषा सर्वत्र हेच करते. परिणाम मात्र असा झाला की, घरात 'मुका' म्हणणारा मनुष्य गाताना 'मोउका' म्हणू लागला, आणि हळूहळू त्याची अशी समजूत झाली की आपले बोलणे अशुद्ध, गाणे तेवढे शुद्ध. टेक्सासमधील वृद्ध भाषक 'आमची चेक खरी चेक नव्हे' असे अभ्यासकांना सांगत, याची मुळे या समजुतीत आहेत.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. बोली नव्या भूमीत बदलत होती. कुंपणासाठी, दुकानासाठी, मोटारीसाठी इंग्रजी शब्द येत होते, आणि ते नुसते येत नव्हते, तर चेक लिंगे व विभक्तिप्रत्यय घेऊन घरचे होत होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. जी भाषा परका शब्द आपल्या विभक्तीत चालवते ती निरोगी असते. परंतु गीतात यांपैकी काहीच शिरले नाही. गीतात गिरणी राहिली, विहीर राहिली, सैन्यात जाणारा तरुण राहिला. कापूस आला नाही आणि तारेचे कुंपणही आले नाही. पुढे उत्सवासाठी निवड करण्याची वेळ आली तेव्हा समाजाने न बदललेले ते निवडले आणि बदललेले ते टाकले. वारसा जपण्याच्या नावाखाली पूर्वजांचे प्रत्यक्ष बोलणेच वारशातून वगळले गेले. माझी या उत्सवांबद्दलची तक्रार ही आहे, आणि ती मला गंभीर वाटते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, उत्सव ही भाषाशाळा नव्हे. त्याच्याकडून बोलीच्या जतनाची अपेक्षा करणे गैर आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तम विवेचन चेक-स्लोव्हाक भूमीतच झालेले आहे. 1926 मध्ये स्थापन झालेल्या प्राग भाषाशास्त्र-मंडळाशी संबंध असलेला लोकसंस्कृतीचा अभ्यासक प्योत्र बोगातिर्योव्ह याने मोराव्हियन स्लोव्हाकियातील पोशाखांच्या कार्यांवर 1937 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, पोशाखाला एकच कार्य नसून कार्यांची एक रचना असते. रोजच्या वापरातून तो सणासुदीच्या वापरात गेला की व्यावहारिक कार्य क्षीण होते आणि सौंदर्याचे, प्रदेशनिदर्शनाचे, विधीचे कार्य बलवान होते. आणि या सर्वांहून वेगळे असे 'हा आमचा पोशाख' या भावनेचे कार्य असते. या दृष्टीने पाहिले तर परदेशी उत्सवातील पोशाख म्हणजे मूळ पोशाखाचा ऱ्हास नव्हे. त्यातील कार्यांची उतरंड बदलली आहे, इतकेच. गीतालाही हेच लागू करता येईल.

मात्र येथे एक भेद करणे अवश्य आहे, आणि तो बोगातिर्योव्हच्या विवेचनातून आपोआप निघत नाही. पोशाख अंगावर चढविला की तो पुरता पोशाख असतो. त्याचा अर्थ न कळणाऱ्याच्या अंगावरही तो ऊब देतो. गीताचे तसे नाही. त्याची चाल अर्थावाचून पुरती असू शकते. शब्द मात्र अर्थावाचून अपुरेच राहतात. म्हणून गीतातील दोन घटक एकाच वेगाने आपले कार्य बदलत नाहीत. चाल नव्या समाजात सुखाने नांदते, शब्द अवघडून बसतात.

यारोमीर वेय्वोदा याच्या प्रसिद्ध पोल्काचा इतिहास याचा चांगला पुरावा आहे. तिची चाल त्याने 1927 च्या सुमारास बांधली. 1934 मध्ये तिला चेक शब्द मिळाले आणि 'श्कोदा लास्की', म्हणजे वाया गेलेल्या प्रेमाची खंत, हे नाव पडले. 1939 मध्ये इंग्रजी शब्द आले आणि ती बिअरच्या पिंपाची पोल्का झाली. विरहाच्या जागी पिंप आले तरी चालीचे काही बिघडले नाही. उलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती जगभर गेली. अमेरिकेतील चेक उत्सवांतही ती बहुधा इंग्रजी शब्दांनीच गाइली जाते, आणि गाणाऱ्याला आपण काही चेक गात आहोत असेच वाटते. याची थट्टा करणे सोपे आहे. माझ्या मते मात्र हा प्रकार राष्ट्रगीताच्या पठणापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण येथे निदान शब्द आणि गाणारा यांचे नाते जिवंत आहे.

स्लोव्हाकांची गोष्ट वेगळी आहे, आणि उत्सवांच्या नावांतील 'चेक व स्लोव्हाक' यांतील 'व' ती झाकतो. चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रगीताचा उत्तरभाग स्लोव्हाक होता. 'नाद तात्रोउ सा ब्लीस्का' हे 1844 मधील गीत एका लोकगीताच्या चालीवर रचलेले आहे. ल्युदोवीत श्तूर यांना अध्यापनातून दूर केल्याच्या निषेधार्थ त्यांचे विद्यार्थी ब्रातिस्लाव्हा सोडून निघाले, त्या प्रसंगीचे ते आहे. एका गीतात शांत प्रश्न, दुसऱ्यात तात्रा पर्वतावरची वीज. आणि ही दोन्ही पंचाहत्तर वर्षे एकापाठोपाठ गाइली जात. 1 जानेवारी 1993 रोजी दोन राष्ट्रे झाली आणि गीतेही वेगळी झाली. तरीही 21 ऑक्टोबर 1995 रोजी आयोवातील सीडर रॅपिड्स येथे चेक व स्लोव्हाक संग्रहालयाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा व्हात्स्लाव्ह हावेल आणि मिखाल कोवाच हे दोन वेगळ्या राष्ट्रांचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यासमवेत एकाच व्यासपीठावर होते. मायदेशी तुटलेला समास परदेशी टिकला! राजकारणाच्या दृष्टीने हे सुखद आहे. संगीताच्या दृष्टीने मात्र हा समास द्वंद्व न राहता त्यातील उत्तरपद गौण झाले आहे.

कारण स्लोव्हाक गीताचा पिंडच निराळा आहे. बेला बार्तोक याने विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो स्लोव्हाक चाली गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ चाली चढ्या मध्यमाच्या, मुक्त लयीच्या, कंठातून वाढलेल्या आहेत. बोहेमियातील चाली वाद्यावर आणि नृत्यावर वाढलेल्या, तर डोंगरातील मेंढपाळाची चाल दूर अंतरावरून हाक मारण्यासाठी घडलेली. 'फुयारा' ही पुरुषभर उंचीची मेंढपाळी बासरी ऐकली म्हणजे हा भेद समजावून सांगावा लागत नाही. अशा गीताला पोल्काच्या वाद्यवृंदाच्या तालात बसवले की त्याचा प्राण जातो. तथापि संयुक्त उत्सवात हेच घडताना दिसते; स्लोव्हाक भाग म्हणजे दोन पोल्कांमधील एक रंगीत पोशाख, इतपत त्याची मर्यादा होऊन बसते. पिट्सबर्गसारख्या ठिकाणी, जेथे स्लोव्हाकांची स्वतंत्र संख्या व संस्था आहेत, तेथे त्यांचे उत्सव वेगळे भरतात, आणि ते तसे भरावेत हेच इष्ट.

तर मग या सर्व प्रकारांत टिकाऊ असे काय आहे? माझा कौल टेक्सासच्या नृत्यगृहांच्या बाजूने आहे. फेएटव्हिल येथे फ्रँक बाचा याने 1892 मध्ये आपल्या कुटुंबाचा वाद्यवृंद उभारला. त्यानंतरच्या पिढ्यांत शायनर गावच्या जो पाटेकचा वाद्यवृंद, पुढे अडॉल्फ हॉफनर यांनी चेक गाणी टेक्सासच्या ग्रामीण संगीताच्या शेजारी आणून बसवली. हॉफनर एकाच मैफलीत चेक व इंग्रजी दोन्ही गात असे. प्राग सोडताना म्हणावयाचे एक जुने गाणे पाटेकच्या वाद्यवृंदामुळे टेक्सासमध्ये 'शायनरचे गाणे' म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या गीतांना आपण स्थिर, न बदलणारी म्हटले, त्यांतील एकाने येथे आपले गाव बदलले. ते कोणी स्मरणिकेसाठी बदलले नाही. शनिवारी रात्री नाचणाऱ्यांना ते हवे होते म्हणून बदलले. प्राहा या खेड्यात 15 ऑगस्टला मेरीमातेच्या सणानिमित्त जी यात्रा भरते तिचेही असेच आहे. तेथील 1895 च्या देवळात प्रार्थना होते, मग बाहेर जेवण, मग वाद्ये. तेथे 'संस्कृती' दाखवण्यासाठी कोणी येत नाही. सणासाठी येतात, आणि संस्कृती अनायासे उपस्थित असते.

बोलीपुरते बोलावयाचे तर तिचे जतन आता गीतातून होणार नाही, ध्वनिमुद्रणातूनच होईल. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात टेक्सास-चेक भाषकांच्या मुलाखतींचा ध्वनिसंग्रह जतन करण्याचे काम चाललेले आहे. त्यात माणसे शेतीबद्दल, शाळेबद्दल, हवामानाबद्दल बोलतात. मध्येच इंग्रजी शब्द चेक विभक्तीत चालवतात. स्वर ऱ्हस्व करतात. उत्सवाच्या व्यवस्थापकांना एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रगीत आणि मिरवणूक यांच्या मध्ये या मुलाखतींपैकी एखादी पाच मिनिटे ऐकवावी, आणि गीतपुस्तकाच्या पुढील आवृत्तीत प्रमाण पाठाच्या शेजारी तेच गीत टेक्सासमध्ये ज्या उच्चारांनी गाइले गेले ते छापावे. फ्रांतिशेक सुशिलने 1860 मध्ये पुरा केलेल्या मोराव्हियन गीतसंग्रहात बोलीतील रूपे जशीच्या तशी ठेवली होती, त्यामुळे यासाठी आदर्श शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही.